सोलरचे पंख काढून पॅनल यानाच्या अंगालाच का चिकटवले? (ड्रॅगन मालवाहू यान)

सोलरवाला_चोपडा

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात सोलर पंप बसवायचं काम करतो, आठ वर्षं झाली, त्यामुळे प्रश्न जरा धंद्याच्या डोक्याने विचारतोय, हसू नका.

पोराला शाळेत अवकाश स्थानकाचा प्रोजेक्ट आहे, थर्माकोल आणलं, रंग आणले, आणि तिथे माल घेऊन जाणाऱ्या यानांचे फोटो शोधत बसलो. स्पेसएक्सचं जुनं ड्रॅगन पाहिलं तर त्याला दोन्ही बाजूंना लांब पंख, त्यावर पॅनल. बरोबर, समजलं. मग नवीन ड्रॅगन पाहिलं तर पंखच गायब! मागच्या डब्यासारख्या भागाला अर्ध्या गोलाईत काळे पॅनल चिकटवलेले. म्हणजे कितीही फिरवा, एका वेळी थोडेच सेल सूर्याच्या नीट समोर, बाकीचे तिरके.

आता आपल्याकडे मी पॅनल कसे लावतो, दक्षिणेला तोंड आणि साधारण २१ अंशाचा उतार, कारण आपला अक्षांशच तेवढा. एखादा शेतकरी म्हणाला की दादा, पाण्याच्या गोल टाकीला गुंडाळून लावा ना जागा वाचंल, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवीन. आणि इथे एवढी मोठी कंपनी चांगलं सोडून वाईटाकडे गेली? त्यात सिग्नस नावाचं दुसरं मालवाहू यान आहे त्याला तर गोल पंख्यासारखे पॅनल आहेत, ते अजून तसेच चालू. मग चूक कोणाची?

दुसरं म्हणजे सावलीचं. गेल्या महिन्यात एका केळीच्या बागेत पंपाचं पाणी दुपारी तीननंतर निम्म्यावर यायचं, कंट्रोलर बदलला, केबल तपासली, दोन चकरा पेट्रोल जाळलं, शेवटी दिसलं की बांधावरच्या केळीचं एक पान खालच्या ओळीवर आडवी सावली टाकत होतं. एका पानाने एवढा घोळ, तर गोलाईवर प्रत्येक सेलला वेगळं ऊन पडणार, तिथे हे लोक काय करत असतील? कोणाला माहीत असेल तर सांगा भो.

खापर_मांडे

भो सोप्पं आहे, वर हवाच नाही त्यामुळे ऊन सगळीकडून सारखं पडतं, म्हणून गोल लावलं तरी चालतं.

अमळनेरकर_पुण्यात

खापर_मांडे भाऊ, मांडे चांगले करता म्हणून ऐकून घेतो, पण हे उलटं आहे. हवा नाही म्हणूनच ऊन एकाच बाजूने पडतं. खाली ढगातून, धुळीतून थोडा उजेड सगळीकडे पसरतो, तिथे सूर्याकडची बाजू लख्ख आणि मागची बाजू काळीकुट्ट. (पृथ्वीवरून परावर्तित होणारा थोडा उजेड मिळतो, पण त्यावर संसार चालत नाही.)

चोपडेवाले दादा, प्रश्न एकदम बरोबर विचारलात. मी पुण्यात मशीन डिझाइनमध्ये आहे, अवकाशात नाही, पण माझं रोजचं काम बिजागरी, स्प्रिंग, लॅच यांचंच, त्यामुळे हा विषय आवडीने वाचत आलोय.

आधी तुमचं नुकसान किती ते मोजू. अर्ध्या नळकांड्यावर सेल लावले आणि सूर्य बरोब्बर समोर आला, तरी सूर्याला दिसतो तो फक्त त्याचा सपाट आयत, म्हणजे व्यास गुणिले लांबी. पण सेल विकत घ्यावे लागतात अख्ख्या गोलाईचे. दोन भागिले पाय करा, ६४ टक्के. म्हणजे उत्तमातल्या उत्तम स्थितीतसुद्धा सपाट पॅनलच्या मानाने ३६ टक्के गेले, तेवढीच वीज पाहिजे तर दीडपटीहून जास्त सेल लावा. यान जरा कलंडलं की अजून कमी. तुमची शंका गणितात शंभर टक्के खरी आहे.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. जुनं ड्रॅगन रॉकेटच्या टोकावर उघडंच बसायचं. सिग्नस, रशियाचं प्रोग्रेस, युरोपचं एटीव्ही, ही सगळी रॉकेटच्या नाकाच्या टोपीत झाकून जातात, ड्रॅगन जात नाही. म्हणून त्याच्या मिटलेल्या पंखांवर दोन वेगळी झाकणं बसवावी लागायची, नाहीतर वर जाताना हवेच्या माऱ्याने पंख फाटले असते. म्हणजे क्रम बघा: यान रॉकेटपासून सुटणार, मग झाकणं उडणार, मग पंखांच्या कड्या सुटणार, मग घडीचे सगळे भाग उलगडणार, मग शेवटच्या बिजागरीचा लॅच खट्कन बसणार. आणि दर फेरीला झाकणं, कड्या, स्प्रिंगा, बिजागऱ्या सगळं नवं, कारण हे पंख ज्या मागच्या भागावर असतात तो भाग परत येतच नाही, परतीच्या वेळी सोडून देतात आणि तो वातावरणात जळतो. पुढची बंद कुपी परत वापरतात, ट्रंक म्हणजे हा मागचा भाग नाही.

नवीन ड्रॅगनच्या पॅनलमध्ये हलणारा भाग किती? शून्य. रॉकेटपासून सुटल्यावर वीज चालू व्हायला काहीही उघडावं लागत नाही. सेल दीडपट लागले तर लागले, सेल हा पैशाचा प्रश्न आहे. बिजागरी न उघडणं हा पैशाने सुटणारा प्रश्न नाही, कारण तिथे पाना घेऊन जाणारं कोणी नसतं.

सोलरवाला_चोपडा

बिजागरीचं पटलं. माझ्याकडे पण हाताने फिरवायची स्ट्रक्चर होती, सकाळी पूर्वेला, दुपारी मध्ये, संध्याकाळी पश्चिमेला फिरवायचं, तीन वेळा पिन काढायची आणि घालायची. कागदावर पाणी जास्त. पहिला महिना शेतकरी उत्साहाने फिरवतो, मग एकदा सकाळी फिरवून विसरतो. दोन वर्षांनी गेलो तर एका ठिकाणी पिन गंजून चिकटलेली, आणि फिरायच्या पाईपात गांधीलमाशीने पोळं केलेलं, मला दोन डंख. शेतकरी म्हणे दादा, तसंच राहू द्या, आता मध्येच ठेवलंय. मी पण वेल्डिंग मारून टाकली एकदाची. 😀

पण मग सिग्नसवाले वेडे आहेत का? ते अजून पंख उघडतातच ना. आणि तुम्ही म्हणता ३६ टक्के जातात, मला तर हे ऐकूनच छातीत कळ आली, आमच्याकडे पाच टक्के कमी आले तरी शेतकरी फोनवर फोन.

पॅन्टो_भुसावळ

मी रेल्वेतून रिटायर, भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडला आयुष्य गेलं. बिजागरी म्हणजे वाईटच असं कोणी म्हणू नका बरं. इंजिनाच्या टपावरचा पॅन्टोग्राफ काय आहे? बिजागरी आणि स्प्रिंगच. ताशी शंभर किलोमीटरने तारेला घासत जातो, उन्हात पावसात, आणि रोज उघडतो मिटतो. पण इंजिनाला दोन असतात. एक वर, एक खाली. वरचा मोडला, तारेत अडकला, तर तो बांधून टाकायचा, दुसरा उचलायचा आणि गाडी ओढत न्यायची. मे महिन्यात ४६ डिग्रीत टपावर चढून मोडका पॅन्टो दोरीने बांधलाय मी, हाताचे फोड अजून आठवतात.

सिग्नसचंही तसंच झालं होतं. ७ नोव्हेंबर २०२२ ला एनजी-१८ नावाची फेरी निघाली, ३७०० किलोच्या आसपास माल. वर गेल्यावर दोनपैकी एकच गोल पंखा उघडला, दुसरा अडकला. नंतर कळलं की रॉकेटचे भाग सुटताना आतल्या आवाज दाबणाऱ्या गादीचा तुकडा निघून पंख्याच्या यंत्रात जाऊन बसला होता. म्हणजे पंख्याची चूक नाही, बिजागरीची चूक नाही, दुसऱ्याच्या गादीचा चिंधा! तरी ९ तारखेला यान स्थानकाजवळ पोचलं, यांत्रिक हाताने पकडलं, माल उतरवला. एका पंख्यावर. हिशोबात शिल्लक ठेवली होती म्हणून.

त्याच्या आधी २०१४ च्या सप्टेंबरात रशियाचं सोयुझ टीएमए-१४एम, त्यात तर माणसं होती, त्याचा डावा पंख उघडला नाही. तरी सहा तासांत स्थानकाला जोडलं, आणि जोडल्यावर मग पंख आपला आपण उघडला. आमच्याकडे पण असंच, शेडमध्ये आणलं की इंजिन शहाण्यासारखं चालतं.

तर सांगायचं काय, उघडणारी वस्तू ठेवायची असेल तर ती उघडली नाही तर काय, याचं उत्तर आधी खिशात पाहिजे. ते उत्तर असेल तर पंख खुशाल ठेवा.

अमळनेरकर_पुण्यात

काका, चिंध्याची गोष्ट भारी. आणि त्यातच एक मुद्दा लपलाय. उघडणारी यंत्रणा हजार वेळा कारखान्यात तपासता येते, पण ती तपासताना आजूबाजूला रॉकेट नसतं. अमेरिकेच्या जुन्या स्कायलॅब स्थानकाचं पण तेच, मे १९७३ ला उडताना बाहेरचं संरक्षक कवच फाटलं, त्याने एक अख्खा सोलर पंख उडवून नेला आणि दुसऱ्यावर एक धातूची पट्टी अडकून बसली. पुढच्या महिन्यात कॉनराड आणि करविन हे अंतराळवीर बाहेर गेले, पट्टी कापली, दोर ओढून पंख मोकळा केला. मालवाहू यानात दोर ओढायला कोण बसलंय?

जुन्या ड्रॅगनलाही एकदा घाम फुटला होता. १ मार्च २०१३ ची फेरी. यान रॉकेटपासून सुटलं आणि थ्रस्टरच्या, म्हणजे यानाला वळवणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, चार गटांपैकी तीन चालू होईनात. थ्रस्टर नाही म्हणजे यान नीट धरून ठेवता येत नाही, त्यामुळे पंख उघडणं थांबवून ठेवलं. पण पंख नाही उघडले तर बॅटरी चाललीय संपत. एक अडचण दुसरीच्या गळ्यात पाय घालून उभी! शेवटी पंख उघडले, थ्रस्टर पण सुरळीत झाले, यान एक दिवस उशिराने ३ मार्चला पोचलं. मला विचाराल तर अंगाला चिकटलेल्या पॅनलचा खरा फायदा इथे दिसतो, दुसरं काही बिघडलं असताना वीज हा आणखी एक प्रश्न तुमच्यापुढे उभा राहत नाही. यान गोल गोल फिरत असलं तरी थोडी थोडी वीज येत राहते.

सोलरवाला_चोपडा

बरं, मग एक हिशोब सांगा. एवढ्या यानाला वीज लागते तरी किती? माझ्या ५ एचपीच्या पंपाला ४८०० वॅटचे पॅनल लावतो मी.

अमळनेरकर_पुण्यात

सिग्नसचे दोन्ही गोल पंखे मिळून सूर्याकडे तोंड असताना साधारण साडेतीन किलोवॅट. म्हणजे दादा, तुमचा ५ एचपीचा पंप कागदावर त्याच्यापेक्षा मोठा निघाला. 😄

फरक एवढाच की वर ऊन जास्त आहे, चौरस मीटरला १३६१ वॅट, तुम्ही खाली १००० धरता. आणि सेल महागातले, गॅलियम आर्सेनाइडचे तीन थरांचे, तीसेक टक्के वीज काढतात. म्हणजे सूर्यासमोर धरलेल्या एका चौरस मीटरला चारशे वॅट. पण मेख अशी की स्थानकाच्या उंचीवर यान साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं आणि त्यात पस्तीस एक मिनिटं अंधार. दिवसाला सोळा वेळा सूर्य उगवतो आणि सोळा वेळा मावळतो. मग उजेडाच्या वेळात चालू गरजही भागवायची आणि अंधारासाठी बॅटरीही भरायची. समजा यानाला सतत एक किलोवॅट लागतोय, तर पॅनलमधून पावणेदोन-एक किलोवॅट निघायला पाहिजे. सपाट पॅनल साडेचार चौरस मीटर धरा. अर्धगोल लावले तर सात. ड्रॅगनच्या ट्रंकचा व्यास ३.७ मीटर आहे, समजा तीन मीटर लांबी सेलला मिळाली तर अर्ध्या गोलाईत सतरा चौरस मीटर होतात. म्हणजे जागा पुरते आणि उरते. एवढं साधं आहे. जागा पुरत नसती तर पंख लागलेच असते, मग कितीही भीती वाटो.

तापीकाठची

मी धुळ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवते. चर्चा छान चाललीय पण सगळे बिजागरीत अडकलात, उष्णतेचं कोणी बोलतच नाहीये! खान्देशात राहून उष्णता विसरणं म्हणजे कमालच.

चोपडेवाले दादा, तुम्ही पॅनल पत्र्याला घट्ट चिकटवून लावता का? नाही ना? खाली हवा खेळायला फट ठेवता. कारण पॅनल तापला की वीज घटते, दर अंशाला अंदाजे ०.४ टक्के, पॅनल ६५ डिग्रीला गेला म्हणजे २५ च्या मानाने १६ टक्के गेले. यानाचंही तसंच आहे, फक्त तिथे हवा नाही, उष्णता बाहेर जायची ती फक्त किरणांनी. पंख असेल तर पुढून ऊन खातो आणि मागच्या काळ्या आकाशाकडे उष्णता सोडतो, दोन्ही तोंडं मोकळी. अंगाला चिकटवलेल्या पॅनलचं मागचं तोंड यानाकडे. म्हणजे तुमचा पत्र्याला चिकटवलेला पॅनल. तो जास्त तापणार, आणि वर ती उष्णता यानात घुसू नये म्हणून मध्ये बंदोबस्त करावा लागणार.

मग उरलेली अर्धी गोलाई कशाला आहे असं वाटतं? तिथे रेडिएटर आहेत, यानातली उष्णता बाहेर टाकणारे. मला हा भाग सगळ्यात आवडतो. सेलला सूर्य पाहिजे, रेडिएटरला सूर्य नको. एक बाजू उन्हात धरली की दुसरी आपोआप सावलीत. एकाच पवित्र्यात दोन्ही कामं. आपल्या जुन्या घरांना पश्चिमेची भिंत जाड आणि आंधळी, खिडक्या उत्तरेला, तसंच. पण याची किंमत अशी की यानाला सूर्याचा मान राखून उभं राहावं लागतं, पंख फिरणारे असते तर अंग कुठेही वळवा, पंख आपले सूर्याकडे.

आता सिग्नसवाले वेडे का, याचं माझं उत्तर. यान माल पोचवून पुढे काय करणार आहे ते बघा. ड्रॅगन बहुतेक दिवसभरात स्थानकाला जाऊन जोडतं, जोडल्यावर तिथल्या सॉकेटातून वीज पण घेता येते, आणि परत येताना ट्रंक फेकून देतं. त्याला एकट्याने राहायचं असतं ते थोडेच दिवस. सिग्नस परत येत नाही, ते शेवटी जळतं, पण जळायच्या आधी त्याच्याकडून कामं करून घेतात. स्थानकापासून सुटल्यावर त्यात मुद्दाम आग लावायचे प्रयोग झालेत, सॅफायर नावाचे, पहिला २०१६ ला, अवकाशात आग कशी पसरते ते बघायला. माणूस असलेल्या यानात असं कोणी करू देईल का? अशा मुक्कामाला वीज लागते, आणि मुक्काम वाढला की पंख परवडतात.

आणि जपानने तर बरोबर उलटं केलंय! त्यांचं मालवाहू यान एचटीव्ही, म्हणजेच कोउनोतोरी, २००९ ते २०२० नऊ फेऱ्या, त्याच्या अंगालाच पॅनल चिकटवलेले होते. नवीन एचटीव्ही-एक्स २०२५ च्या ऑक्टोबरात उडालं, त्याला दोन मोठे पंख दिलेत. का? कारण माल उतरवल्यावर ते दीड वर्षापर्यंत एकट्याने फिरत प्रयोग करू शकेल असं बनवलंय. अमेरिकेत पंख गेले, जपानात पंख आले, आणि दोघंही बरोबर.

पॅन्टो_भुसावळ

वा ताई. रशियनांनी तर एकदा पॅनलच काढून टाकले होते ना? १९७० च्या दशकात.

तापीकाठची

हो काका, बरोबर. सोयुझ-१२ पासून स्थानकाला ये-जा करणाऱ्या सोयुझला पंखच नव्हते, फक्त बॅटऱ्या, एकट्याने उडायची शिदोरी दोन दिवसांची. वजन वाचलं, उघडायची भानगड गेली. पण स्थानकाला जोडता आलं नाही तर थांबून पुन्हा प्रयत्न करायची सोय पण गेली. १९७६ ला सोयुझ-२३ चं तेच झालं, जोडणी फसली, बॅटरी वाचवत परतीची वाट बघावी लागली, आणि उतरले ते रात्री, बर्फाच्या वादळात, गोठलेल्या तेंगिझ तलावात. दोघं वाचले, पण रात्रभर आत अडकून होते. पुढे सोयुझ-टी आलं त्याला पंख परत बसवले.

खापर_मांडे

मी परत आलो, यावेळी विचार करून. पंख लांब असला तर यान हलताना तो डुगडुगत नाही का? मी एकदा बाईकवर वीस फुटी पाईप आडवा घेऊन यावलहून आलो होतो, वळणावर बाईक एकीकडे पाईप दुसरीकडे, पाईप थांबेपर्यंत मी गटारात.

अमळनेरकर_पुण्यात

शंभर मार्क भाऊ, मघाचे वजा करून. 😄 डुगडुगतोच. थ्रस्टर मारला की पंख हलतो, हलला की यानाला परत ढकलतो, आणि कंट्रोलवाल्या संगणकाला हे सगळं धरून चालावं लागतं. त्यात थ्रस्टरचा झोत पंखावर पडता कामा नये. स्थानकाजवळ जाताना तर अजून, कारण तिथे स्थानकाचे स्वतःचे मोठमोठे पंख, आणि यान येतं तेव्हा ते सुद्धा ठरावीक स्थितीत वळवून ठेवतात. अंग आखूड असलेलं यान अशा गल्लीत शिरायला सोपं. आणि त्या उंचीवर थोडीशी हवा आहेच, पंख म्हणजे तिला अडवणारं शीड, मुक्काम लांबला तर यान हळूहळू खाली येतं.

दादा, तुमच्या केळीच्या पानाचं राहिलं होतं.

सोलरवाला_चोपडा

हो तेच विचारणार होतो! मला तर तेवढंच खरं पाहिजे होतं, बाकी तुम्ही फुकटात दिलं.

अमळनेरकर_पुण्यात

तुमच्या बागेत काय झालं, सगळे पॅनल एका माळेत, म्हणजे सिरीजमध्ये. माळेत करंट सगळ्यांत सारखाच वाहणार, सावलीतला सेल कमी करंट देतो आणि अख्ख्या माळेला तेवढ्यावर आणतो. बायपास डायोड असतो म्हणून पॅनलचा तेवढाच भाग वगळला जातो, नाहीतर तो सेलच तापून जळाला असता. पण वगळलेल्या भागाचं व्होल्टेज गेलं, दोन-तीन पॅनलवर तीच आडवी सावली असेल तर पंप ढेपाळणारच.

गोलाईवर उपाय असा की माळ गोलाईच्या बाजूने ओवायचीच नाही. नळकांड्याच्या लांबीच्या बाजूने, उभी ओवायची. म्हणजे त्या एका माळेतल्या सगळ्या सेलवर ऊन एकाच कोनातून पडतं, सगळे सारखा करंट देतात. शेजारची माळ थोड्या वेगळ्या कोनात, तिचा करंट वेगळा, असू द्या, माळेचा माळेशी संबंध पॅरललमध्ये येतो आणि तिथे करंट वेगळा असला तरी भांडण नाही. उन्हात नसलेल्या माळेतून उलटा करंट जाऊ नये म्हणून डायोड. झालं.

तुमच्या बागेत पण जमेल तर बघा. सावली खालच्या ओळीवरच येते ना? मग खालची ओळ एक माळ आणि वरची ओळ दुसरी माळ, असं ओवता आलं तर पान फक्त खालच्या माळेला खाईल. पण कंट्रोलरला किती व्होल्टेज लागतं ते आधी बघा, माळ अर्धी केली आणि पंप चालूच झाला नाही तर मला शिव्या घालू नका.

सोलरवाला_चोपडा

नाही जमणार भो, ४८०० वॅटची माळ तोडली तर व्होल्टेज खाली जातं, कंट्रोलर उठतच नाही. मी सरळ पान कापायला निघालो. शेतकऱ्याचा जीव तुटला, घड लागलेलं झाड आहे म्हणे, एक पान पण महत्त्वाचं. शेवटी पान बाजूला ओढून सुतळीने बांधलं.

खापर_मांडे

ती जळणारी ट्रंक पूर्ण जळते का पण? का खाली पण येते?

तापीकाठची

सगळी जळेल असा अंदाज होता, पण तसं झालं नाही. २०२२ ला ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समध्ये एका मेंढ्या पाळणाऱ्याच्या रानात मोठा काळा तुकडा उभा रुतलेला सापडला, ड्रॅगनच्या ट्रंकचा, कार्बन फायबरचा. नंतर अमेरिकेतही तुकडे सापडले. म्हणून आता पद्धत बदललीय, ट्रंक आधी सोडून देण्याऐवजी परतीचा ब्रेक मारून झाल्यावर सोडतात, म्हणजे ती कुठे पडणार ते हातात राहतं, आणि कुपी फ्लोरिडाऐवजी कॅलिफोर्नियाच्या बाजूला समुद्रात उतरवतात. म्हणजे बघा, ट्रंक हलकी आणि मजबूत बनवली, पंखांची कटकट घालवली, आणि त्या मजबूत कार्बन फायबरनेच जळायला नकार दिला.

पॅन्टो_भुसावळ

रानात पडलेला तुकडा कोणाचा? रेल्वेचं भंगार असतं तर तीन फॉर्म भरून पण मिळालं नसतं.

खापर_मांडे

आपल्याकडे पडला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कोंबड्यांचं खुराडं झालं असतं. आणि त्याला पॅनल चिकटलेले असते तर चोपडेवाल्यांना फोन, दादा याच्यावर मोटर चालंल का.

सोलरवाला_चोपडा

चालंल, पण दक्षिणेला तोंड करून २१ अंशात लावीन, गोल नाही. 😀

आते समजनं भो, बठ्ठं समजनं. पोराच्या प्रोजेक्टला मी थर्माकोलचे पंख कापून ठेवले होते ते तसेच आहेत, त्यामुळे आता आमचं यान जुनं ड्रॅगन किंवा सिग्नस झालं. पोरगा म्हणतोय पंख उघडणारे करू, बिजागरीला सेफ्टी पिन लावू. मी म्हटलं लाव बाबा, पण एक पंख उघडला नाही तर बाईंना काय सांगायचं ते आधी ठरव. तर म्हणतो, सांगेन गादीचा चिंधा अडकला.

पॅन्टो काका, तो तुमचा निरोप त्याला वाचून दाखवला होता.